सशाची पोटरी

अस्सूला आमच्या गल्लीत सगळे ससा म्हणतात. हे नाव मी दिलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. अझरूत, म्हणजे आमच्या या डोंगरातल्या गावात, कुणालाही टोपणनाव पडलं की लोक पहिल्यांदा माझ्या दुकानाकडे बोट दाखवतात, म्हणून सांगायचं. ससा हा त्याचा धंदा होता. मोठ्या शर्यतीत पुढे पळून वेग बांधून देणारा एक माणूस लागतो. वारा त्याच्या छातीवर, घड्याळ त्याच्या डोक्यात, आणि मागचे सगळे त्याच्या पाठीला डोळे लावून पळतात. पंचवीस किंवा तीस किलोमीटर झाले की तो गुपचूप कडेला होतो आणि ज्यांना जिंकायचं असतं ते पुढे निघून जातात. त्याला ससा म्हणतात. अस्सूने हे सतरा वर्षं केलं. सतरा वर्षं तो टीव्हीवर सगळ्यांच्या पुढे दिसायचा, आमची गल्ली चहाचे पेले हातात धरून ओरडायची, आणि चहा निवायच्या आत तो पडद्यावरून गायब व्हायचा.

त्याची बायको हन्नू म्हणायची, "माझा नवरा तिसाव्या किलोमीटरपर्यंतच सापडतो. पुढे मला विचारू नका."

मी शिंपी. जेलाबे, म्हणजे टोपीवाले पायघोळ अंगरखे शिवतो, त्यांच्या काठांना रेशमी दोरी बसवतो. हे काम असं आहे की हात अडकलेले आणि डोळे मोकळे. आणि माझ्या दुकानाचं दार बरोबर अस्सूच्या दारासमोर. आता मोकळ्या डोळ्यांनी माणसाने करायचं काय?

अस्सू पहाटे देवदारांच्या जंगलात पळायला जायचा आणि मी दुकान उघडायच्या सुमारास परत यायचा. आला की घामाचे कपडे बदलायचा, वर लोकरीची टोपी घालायचा आणि पायरीवर चटई टाकून बसायचा. शेजारी वाटीत ऑलिव्हचं तेल, एक जाड काचेची बाटली आणि देवदाराचं हातभर लाटणं. लाटणं मीच म्हणतो. त्याने ते सुताराकडून खास गुळगुळीत करून घेतलं होतं. आधी तळपाय. बाटली जमिनीवर आडवी ठेवून टाचेपासून बोटांपर्यंत पाय तिच्यावरून फिरवायचा, सावकाश, जणू बाटलीला झोप लागली आहे आणि ती मोडायची नाही. मग पोटरी. दोन्ही अंगठे घोट्यापाशी ठेवून वर गुडघ्याकडे सरकवत न्यायचा. नेहमी वरच, कधी खाली नाही. गुडघ्याच्या मागच्या खळग्याला कधी हात लावायचा नाही. मग मांडीवर ते लाटणं. शेवटी पाठीवर उताणा पडून एका पायाचा गुडघा उभा धरायचा आणि दुसऱ्या पायाची पोटरी त्या गुडघ्यावर ठेवून मागेपुढे घासायचा.

"अस्सू," मी सुईत दोरा ओवत म्हणायचो, "उलटा पडलेला टोळ बघितलाय कधी?"

"रोज बघतो, उस्ताद. समोरच्या दुकानात बसलेला असतो. फक्त तो सुलटा असतो."

"कणीक छान मळली गेलीय. पाठवू का भट्टीवर?"

"पाठवा. तुमच्या पोटाचीही एक परात सोबत द्या, चार घरांचं भागेल."

आतून हन्नूचा आवाज यायचा. ती मुलींच्या शाळेत स्वयंपाक करते, दिवसभर उभी. "माझेही दोन पाय आहेत म्हटलं! त्यांना या तेलाचा वाससुद्धा मिळत नाही!"

बायकोच्या बोलण्यात खरं असेल तिथे अस्सू गप्प बसायचा, म्हणजे बराच वेळ गप्प असायचा.

एकदा शिलाई मशीनचं पायडल चालवून माझ्या पोटरीत गोळा आला. मी तो मुठीने बडवत होतो. समोरून हा धावत आला आणि माझा हात धरला. "मारताय कशाला उस्ताद, तुमचंच पोरगं आहे ते." मग मला खाली बसवून माझाच अंगठा माझ्याच पोटरीवर ठेवला. "इथे ठेवा. दाबा. आता थांबा. श्वास सोडा, धरून ठेवू नका. किती दुखतंय? दहापैकी सांगा."

"अकरा."

"थापा मारू नका."

"बरं, आठ."

"मग तसेच थांबा. सहा होईल. मग चार. उतरलं की अंगठा बोटभर वर सरकवा. घाई नाही करायची." आणि खरंच उतरलं. तो म्हणाला, "उतरणारं दुखणं म्हणजे गाठ. तिच्यापाशी बसून राहिलं की ती सुटते. पण दाबल्यावर चढत गेलं तर हात काढायचा. लगेच काढायचा. ती गाठ नसते, आत काहीतरी तुटलेलं असतं."

हे तो सगळ्यांना सांगायचा. जवळच्या इफ्रानला उंचावर सराव करायला येणारी पोरं, आमच्याकडची आणि बाहेरदेशची, खास गाडी करून त्याच्या पायरीवर यायची, पॅन्ट वर करून पाय पुढे धरायची. तो त्यांच्या पायांना हात लावायचा नाही. म्हणायचा, "माझ्या अंगठ्याला तुझं दुखणं काय कळणार? तुझा अंगठा कुठाय?" त्याचं म्हणणं असं की दुसऱ्याने चोळलं की फक्त बरं वाटतं, आपण चोळलं की कळतं. स्वतःच्या पायांनाही त्याने कधी कुणाचा हात लागू दिला नाही.

गेल्या वर्षी त्याला एकेचाळीस पूर्ण झाली आणि सशाचं काम येणं बंद झालं. कुणी स्पष्ट काही सांगितलं नाही. फोन येणं थांबलं, एवढंच. दोन महिने तो फोन पायरीवर तेलाच्या वाटीशेजारी ठेवून बसायचा. मग एक दिवस फोन घरात ठेवून आला आणि मला म्हणाला, "उस्ताद, मी राबातची मॅरेथॉन पळतोय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मी सुई खाली ठेवली. सतरा वर्षांत या माणसाने किती मॅरेथॉनमध्ये पाऊल टाकलं होतं याची गणती नाही. पण एकही शेवटपर्यंत पळला नव्हता. एकही नाही. बेचाळीस किलोमीटर कसे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे अर्ध्या जगाला त्याने तिथवर नेलं होतं आणि स्वतः तो कधी शेवटच्या रेषेपलीकडे गेला नव्हता.

"जिंकणार?"

"वेडे आहात का? मला फक्त शेवटपर्यंत जायचंय. माझं नाव घेतात तिथे, उस्ताद. येईल त्याचं नाव भोंग्यावर घेतात, शेवटच्याचंसुद्धा. एकदा ऐकायचंय."

हन्नूला त्याने शब्द दिला होता, ही एकच. मग बूट खिळ्याला आणि तिच्या भावाच्या रोपवाटिकेत काम. तिनेही मान्य केलं. मला म्हणाली, "जाऊ दे. एवढी वर्षं अर्धवट सोडलेली शर्यत घरात पडलीय, तिच्यात माझा पाय अडकतो."

सगळा हिवाळा तो बर्फातून पळला. मार्च आला, छपरांवर करकोचे परतले आणि शर्यतीला अकरा दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी, मी अस्सूला गल्लीत चालत येताना बघितलं.

वाचणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण आमची गल्ली जाग्यावर थांबली. अस्सू सकाळी चालत कधी येत नाही. मसाल्याच्या दुकानातला ताय्यब चमचा हातात धरून बाहेर आला. ताय्यबकडे गल्लीतल्या प्रत्येक दुखण्यावर पूड असते आणि नसली तर तो तिथल्या तिथे करतो.

"काय झालं?" ताय्यब.

"डाव्या पोटरीत काहीतरी धरलं. चढावर."

"धरलं की तुटलं?" मी विचारलं. गमतीत विचारलं. मी सगळं गमतीतच विचारतो.

तो पायरीवर बसला, तेलही न लावता अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. मी माझ्या दारातून त्याचं तोंड बघत होतो. माझे डोळे मोकळे, हे मी आधीच सांगितलंय. दुखणं उतरायला लागलं की त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू पसरायची, चादर झटकल्यासारखी. त्या दिवशी ती पसरली नाही. घट्ट होत गेली. खूप वेळाने त्याने हात काढला.

"किती?" मी विचारलं.

"चार."

"उतरून चार की चढून?"

"उस्ताद, तुमचा जेलाबा शिवा."

दवाखान्यात गेला तो हन्नूने नेलं म्हणून. डॉक्टरने दाबून बघितलं आणि सांगितलं की स्नायूला बारीक चीर असणार. आराम करायचा, चोळायचं नाही, शेकायचं नाही, शर्यत विसरायची. शेवटचं सोडून अस्सूने सगळं ऐकलं. सात दिवस तो पायरीवर बसला पण डाव्या पायाला बोट लावलं नाही. उजवा पाय चोळायचा आणि डावा शेजारी ठेवायचा, रुसलेल्या पाहुण्यासारखा. ताय्यबने मिरी, ओवा आणि आणखी काय काय घालून लेप आणला; अस्सूने तो घेतला, आभार मानले आणि मांजरीच्या ताटलीत ठेवला. मांजर दोन दिवस गल्लीत फिरकली नाही. माझ्या बायकोने मेंढीची चरबी पाठवली. पलीकडच्या म्हाताऱ्याने तापलेल्या सळईने डाग देणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला. गल्लीचं प्रेम म्हणजे असंच. ते लावून घ्यावं लागतं, नाहीतर रागावतं.

आणि पाय सुधारला. हे मुद्दाम सांगतो. पुढच्या बुधवारी, शर्यतीला चार दिवस असताना, तो जंगलात वीस मिनिटं हळू पळून आला आणि पळतच गल्लीत शिरला. फार वेगाने नाही, पण पळत. माझ्यासमोर थांबून म्हणाला, "काही नाही. काही म्हणजे काहीच नाही!" इतके दात दाखवून हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. एक दात सोन्याचा आहे हे त्या दिवशी कळलं. आणि शेजारी म्हणवून घेतो मी!

मग आम्ही त्याला हमामात नेलं.

आमच्या गल्लीची रीत आहे. कुणी हजला निघालं, लष्करात निघालं, किंवा लग्नाच्या घोड्यावर बसलं की दोन-तीन दिवस आधी गल्लीतले पुरुष मिळून त्याला हमामात नेतात. सगळ्यात वयस्कर माणूस पहिली बादली त्याच्या डोक्यावर ओततो. त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने पाणी घ्यायचं नसतं आणि कशालाच 'नको' म्हणायचं नसतं. म्हटलं तर आशीर्वादच परत केल्यासारखं. अस्सू सतरा वर्षं शर्यतींना जायचा तेव्हा आम्ही त्याला कधी नेलं नव्हतं. ते कामावर जाणं होतं. या वेळी तो स्वतःसाठी निघाला होता. कल्पना माझी होती. दुसऱ्या कुणाची असणार?

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही नऊजण आणि अस्सू बादल्या, काळा साबण आणि खरखरीत हातमोजे घेऊन निघालो. हन्नूने दारातून मला हाक मारली. "उस्ताद, त्याच्या पायाला ऊब द्यायची नाहीये. लक्षात ठेवा."

"हन्नूबाई, माझ्याहून विश्वासाचा माणूस तुला—"

"म्हणूनच सांगतेय."

कपडे उतरवायच्या खोलीत अस्सूने मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "मला शेवटच्या खोलीत नेऊ नका. मधल्या खोलीपर्यंत ठीक आहे. पाय तापवायचा नाहीये."

आता बघा. मला तिथे 'बरं' म्हणता आलं असतं. एक अक्षरही जास्त लागलं नसतं. पण आठजण बघत होते आणि माझ्या तोंडाला सवय आहे. मी मोठ्याने म्हणालो, "मंडळी, नवरदेव म्हणतोय पाय तापवायचा नाही! काही हरकत नाही, अस्सू. पाय इथे खुंटीला टांग, बाकीचा तू आत चल!"

सगळे हसले. अस्सूही हसला. हसला की माणूस संपला. हसल्यावर 'नको' कसं म्हणणार? आम्ही त्याला खांद्यावर हात टाकून मधल्या खोलीतून सरळ आत नेलं.

ज्याला हमामातली शेवटची खोली माहीत आहे त्याला काय सांगू. भट्टीच्या भिंतीला लागून, दगड असे तापलेले की आधी पाणी ओतल्याशिवाय बसता येत नाही. वाफेत शेजारच्याचं नुसतं नाक दिसतं. पलीकडच्या म्हाताऱ्याने पहिली बादली ओतली आणि मग आम्ही पाळीपाळीने. बादल्या भरून आणत होतो मी. साबण झाला, पाठ झाली. पाठ आपली आपल्याला येत नाही. ती ताय्यबने घासून दिली आणि घासता घासता जिऱ्याच्या भावाबद्दल बोलत राहिला. मग अस्सू दगडावर पाय पसरून बसला, भिंतीला टेकला. चेहरा असा सैल पडला होता की मला वाटलं झोपला.

झोपला नव्हता. त्याचा अंगठा डाव्या पोटरीवर होता.

"अस्सू," मी म्हणालो.

"गप्प बसा, उस्ताद. सापडली."

"काय?"

"गाठ. इथे आहे. इतके दिवस दुखण्याखाली लपली होती. डॉक्टरच्या हाताला कुठे कळली? ही बघा, शेंगदाण्याएवढी." तो दाबत होता. "आणि दुखत नाहीये! तीन. दोन. उतरतंय, उस्ताद!"

मला हे आता कळतं, आणि तेव्हा कळलं असतं तरी मी काय केलं असतं देव जाणे. त्या खोलीत कुणालाच काही दुखत नाही. म्हाताऱ्याचे गुडघे दुखत नाहीत, माझी कंबर दुखत नाही. उष्णतेने सगळं मुकं होतं. आयुष्यभर तो अंगठा दुखण्याचं ऐकून चालला, आणि तिथे दुखणं बोलतच नव्हतं. तो दाबत गेला. खालून वर, खालून वर. नंतर त्याने बोटाचं पेर लावलं. आजवर मी त्याला पोटरीला पेर लावताना बघितलं नव्हतं. आम्ही भोवती बसून सल्ले देत होतो. "अजून थोडं!" "सोडू नको आता!" ताय्यब तर गायलाच लागला. आणि मी आणखी एक गरम बादली आणून त्याच्या पायावर ओतली.

"सुटली," अस्सू म्हणाला. आणि लहान मुलासारखा टाळी वाजवून हसला.

परत येताना गल्लीभर आम्ही गाणी म्हटली.

शुक्रवारी सकाळी तो पायरीवर आला नाही. मी दुकान उघडलं, दोरी लावली, काढली, पुन्हा लावली. दहाच्या सुमारास हन्नू दारात आली. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "आत या."

अस्सू भिंतीशी बसला होता, पाय गादीवर लांब केलेला. पोटरीपासून घोट्यापर्यंत निळं-जांभळं उतरलं होतं, अंजिरासारखं. टाच टेकवून बघितली तेव्हा त्याच्या घशातून एक आवाज निघाला. मी तो कुणाला सांगणार नाही. मला बऱ्याच गोष्टी सांगायची सवय आहे, ही नाही.

"रक्त आहे," तो म्हणाला. "गाठ नव्हती. भरून येत होतं ना, त्याची खपली असेल ती. मीच फोडली."

"आम्ही नेलं," मी म्हणालो.

"अंगठा माझा होता."

"बादली माझी होती."

"तुम्हाला काय माहीत होतं? मला माहीत होतं." एवढं बोलून त्याने पायावर चादर ओढून घेतली. मला वाटलं काहीतरी विनोद करावा. तोंड उघडलं. काही आलं नाही. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा.

हन्नू म्हणाली, "पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी मी बेचाळीसचा असेन आणि तुझ्या भावाकडे रोपांना पाणी घालत असेन."

"मग जाऊ नको."

"जाणार."

तिने वाद घातला नाही. त्याची पिशवी भरली. उकडलेली अंडी, खजूर, पावाचे तुकडे, आणि पोटरीला बांधायचं जाड फडकं. गाठ मारताना म्हणाली, "निदान उस्तादांना बरोबर ने. ज्याने बिघडवलं त्याने सांभाळावं." म्हणून मी गेलो.

शनिवारी टॅक्सीत आम्ही सातजण कोंबून बसलो होतो आणि अस्सूने पाय माझ्या मांडीवर ठेवला होता. मी तो वाटेतल्या मेकनेस शहराच्या पुढपर्यंत दोन्ही हातांनी धरला, काचेचं सामान धरतात तसा. चोळला नाही. हातसुद्धा हलवला नाही. मला वाटत राहिलं की आपण काहीतरी करतोय. काहीच करत नव्हतो.

रविवारी सकाळी समुद्राकडून गार वारा येत होता. त्याच्या छातीवर नंबर होता आणि नंबराखाली त्याचं नाव, मोठ्या अक्षरांत. तो सारखा त्याच्यावरून हात फिरवत होता. जेलाबा काढून माझ्या हातात दिला. "शेवटी भेटू," म्हणाला.

"हळू जा. चालत गेलास तरी चालेल. शेवटच्याचंही नाव घेतात ना?"

"घेतात."

तो गेला. मी गल्ल्यांमधून आडवाटेने आठव्या किलोमीटरपाशी पोचलो. तो आला. पहिल्या घोळक्यात नव्हता, दुसऱ्यात नव्हता, पण आला. पाय ओढत नव्हता. त्याच्याकडे बघून कुणाला कळलं नसतं. मला कळलं, कारण त्याच्या कपाळाची आठी. मी ओरडलो, "ससोबा! हे काय, मागे पळतोस? सवय मोडली?" त्याने मान वळवली नाही.

सतराव्या किलोमीटरला मी थांबून राहिलो. पहिले गेले. दुसरे गेले. एक बाई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. संत्र्याच्या फोडी कापून धावणाऱ्यांना देत होती. तिने मलाही दिली. अस्सू येईना. मग मीच रस्त्याच्या कडेने उलटा चालू लागलो. फार चालावं लागलं नाही. दोनशे पावलांवर तो फुटपाथच्या काठाला बसला होता. डावा पाय सरळ, हात दोन्ही मांड्यांवर पालथे. पायाला हात लावलेला नव्हता.

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि आम्ही त्या संत्रीवाल्या बाईच्या खुर्चीपर्यंत आलो. एका पायावर, पंचवीस पावलांना एकदा थांबत. तिने खुर्ची दिली. म्हणाली, "तेल चोळ बाळा, गरम तेल." तो म्हणाला, "हो, अम्मा."

तेवढ्यात मागच्या गल्लीतून एक पांढरी गाडी येऊन थांबली. शर्यतीच्या लोकांची. सशांना उचलून शेवटच्या ठिकाणी नेणारी. आत दोन पोरं टॉवेल गुंडाळून बसली होती, केळी खात. गाडीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि त्याचं तोंड उजळलं. "अरे अस्सू! कुठे होतास इतके दिवस? म्हटलं म्हातारा झालास की काय! बोलावलं का तुला परत? छान, छान. चल, बस. आज लवकर कडेला झालास? कुणाला आणत होतास, बायकांच्या घोळक्याला?"

अस्सू खुर्चीवर सरळ बसला.

गाडीवाला खाली उतरला, दार सरकवलं. मग त्याचं लक्ष छातीकडे गेलं. "हे काय? साधा नंबर लावलाय? सशाचा नाही दिला? चुकून दिला वाटतं."

मी बोलणार होतो. माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं: की हा कुणाला आणत नव्हता, हे त्याचं स्वतःचं नाव आहे, की आज— अस्सूने माझ्या दंडावर हात ठेवला.

"हो," तो म्हणाला. "चुकून."

डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्याने गाडीच्या पायरीवर ठेवला आणि आत चढला. पोरांनी सरकून जागा दिली, एकाने केळं पुढे केलं. दार लागलं. मी जेलाबा घेऊन खिडकीपाशी धावलो, कारण अस्सू घामाने ओला होता आणि वारा गार होता. पण गाडी निघाली होती आणि मी काही ससा नाही.

बाईने दुसरं संत्रं कापायला घेतलं. "तुझा भाऊ का?"

"शेजारी."

"मोठा धावपटू आहे वाटतं. गाडी आली न्यायला."

मी तिच्या शेजारी काठावर बसलो, जेलाबा मांडीवर घेऊन. समोरून धावणारे येत होते. आता मागचे, सावकाश येणारे. पोट सुटलेला एक मास्तर, डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन बहिणी, एकमेकांवर चिडत, हसत; पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, जो पळत होता की चालत होता हे नीट सांगता येत नव्हतं. बाई प्रत्येकाला फोड देत होती आणि ते घेत होते, तोंड पुसत होते, पुढे जात होते. संपतच नव्हते. त्यातले बहुतेक शेवटपर्यंत पोचणार होते.